अँटिव्हायरसचं स्थळ

जगात एकटी अशी कुठलीच गोष्ट नसते, तिची जोडी फक्त अजून भेटलेली नसते, यावर माझ्या ताईचं लग्न जमवणाऱ्या काकांइतका गाढ विश्वास असलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडणार नाही. हे मी जरा धीर करूनच लिहिते आहे, कारण ठाण्यापासून कल्याणपर्यंतची सगळी माणसं काही मी पाहिलेली नाहीत. पण काकांना पाहिलं आहे. कोपरीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. बाहेरच्या खोलीत केंद्र, आतल्या खोल्यांत घर, आणि खिडकीला टेकलेलं एक उंच बुचाचं झाड. दुपारी त्या झाडाची सावली काकांच्या टेबलावर हलत असते आणि काका तिच्याकडे असे बघत असतात, की जणू सावलीलाही कुणीतरी सुचवायचं राहून गेलं आहे. जिन्यात एका पायाची चप्पल सापडली तर ते ती उचलून दाराशी नीट ठेवतात. "दुसरी शोधत येईल," म्हणतात. स्वयंपाकघरात डबे हरवलेल्या झाकणांची एक टोपली आहे, ती टाकायची त्यांनी काकूंना बंदी केली आहे. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला ती टोपली दाखवतात आणि सांगतात, "जगाची लग्नं जमवतात हो हे. स्वतःच्या पायात मात्र एक मोजा काळा आणि एक करडा." यावर काका आपल्या पायांकडे बघतात आणि शांतपणे म्हणतात, "बरं दिसतंय की. आंतरजातीय."

काकांची माणसं ओळखायची पद्धत वेगळीच आहे. पगार, उंची, स्वतःची जागा हे सगळं बायोडेटात असतं, ते वाचतातही, पण ते वाचून झाल्यावर खरा प्रश्न विचारतात. ताईसाठी नाव नोंदवायला मी बाबांबरोबर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. बाबा संगमेश्वरकडचे, एका गोदामात काम करतात, आणि टेबलामागे बसलेल्या कुठल्याही माणसासमोर त्यांना आपण काहीतरी चुकवलं आहे असं वाटत राहतं. काकांनी विचारलं, "मुलगी रागावली की काय करते?" बाबा गोंधळले. मग म्हणाले, "भांडी घासते. घासलेलीच परत घासते." काका खिडकीबाहेर बघत राहिले, इतका वेळ, की बाबांनी मला हळूच कोपर मारलं. त्यांना वाटलं, काकांना डुलकी लागली. शेवटी काका म्हणाले, "मग तिला असा नवरा हवा, जो काही न बोलता शेजारी उभा राहून ती भांडी पुसेल." असा मुलगा त्यांनी कुठून आणि कसा ओळखला मला माहीत नाही, पण तो कल्याणला निघाला, आणि तो खरंच भांडी पुसतो. ताई म्हणते, त्यामुळे तिला धड रागावताच येत नाही.

नवरात्रात टेंभी नाक्यावरच्या देवीला काका न चुकता जातात, पण रांगेत त्यांचं लक्ष देवीकडे कमी आणि मागेपुढे जास्त असतं. एकदा मी बरोबर होते. "ती बघ, पिवळ्या ओढणीतली. आजीची पिशवी स्वतः धरली आहे, आणि आजीला ते कळूही दिलेलं नाही. आणि तिकडे तो, मागच्या माणसाला पुढे जाऊ देणारा. मध्ये फक्त ही रांग आहे गं." ते इतक्या तल्लीनपणे बोलत होते, की त्या मुलीच्या आईनं वळून आमच्याकडे रोखून पाहिलं. काकांनी तिला नमस्कार केला आणि केंद्राचं कार्ड दिलं. नशीब, मी बरोबर होते.

ताईचं लग्न झाल्यावरही माझं तिथे जाणं सुटलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मला सगळं येतं, असं बाबांना वाटतं, आणि ते तसं सांगतातही. मी दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर सायन्स शिकते. आमच्या पुस्तकात आहे तेवढं मला येतं, त्यातलंही सगळं नाही. पण बाबांनी एकदा काकांना सांगून टाकलं, "कॉम्प्युटरचं काय अडलं तर आमच्या हिला बोलवा," आणि काकांनी ते मनावर घेतलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की मी, अक्षरं बारीक दिसायला लागली की मी. आम्ही दिव्याला राहतो; तिथे नळाला पाणी येण्याची वेळ पाळून मी निघायची, कॉलेज करून कोपरीत उतरायची, आणि अक्षरं मोठी करून द्यायची. काकू डिशमध्ये काहीतरी गरम घेऊन यायच्या. मला ती बाहेरची खोली आवडायला लागली होती. तिथे कुणालाच घाई नसायची.

एका दुपारी काकूंचा फोन आला. "अगं, येतेस का जरा? यांच्या कॉम्प्युटरनं सगळ्यांना स्थळं पाठवली आहेत."

मी गेले तर काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते आणि टेबलावरचा फोन वाजत होता. झालं होतं असं. काकांना ‘सुयोग्य वर’ नावाची फाईल जोडलेला एक मेल आला होता. पाठवणारा अनोळखी. काकांनी ती उघडली. आत वर नव्हता, काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी पुन्हा उघडली, की बिचाऱ्याचं काही चुकलं असेल. ती फाईल म्हणजे बायोडेटाचं नाव लावून आलेला व्हायरस होता. त्यानं काकांच्या पत्त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला काकांच्या नावानं मेल पाठवला होता, ‘आपल्या मुलीसाठी उत्तम स्थळ, फाईल त्वरित उघडावी.’ फोनवर डोंबिवलीचे एक गृहस्थ होते. काकूंनी स्पीकर लावला.

"काका, माझ्या मुलीचं लग्न तुम्हीच गेल्या वर्षी जमवलंत ना?"

"हो. सुखी आहे ना ती?"

"सुखी आहे हो! मग आता आणखी कसलं उत्तम स्थळ पाठवताय? जावई शेजारी बसून वाचतोय."

काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मलाही हसू आवरेना. पण काका हसले नाहीत. फोन ठेवून ते हळू आवाजात म्हणाले, "नाजूक. त्यात नाजूक होतं गं."

‘नाजूक’ हा काकांच्या कॉम्प्युटरमधला एक फोल्डर. मी तो कधी उघडला नव्हता. घटस्फोट झालेल्या, नवरा गेलेल्या, काही आजारपण असलेल्या, अशा माणसांची माहिती त्यात होती. बायोडेटात न लिहिलेली, फक्त काकांना सांगितलेली. पहिल्या घरी काय झालं, घरातून का निघाले, मुलाला वडिलांबद्दल काय सांगितलं आहे. योग्य माणूस समोर आला की योग्य वेळी, तेवढंच सांगायचं, असा काकांचा शब्द होता. आता तो शब्द कुणा परक्याच्या हाती गेला असेल का, एवढाच प्रश्न होता. मी इंटरनेटची वायर काढली, माझ्या फोनवरून काकांच्या मेलचा पासवर्ड बदलला, सगळ्यांना ‘ती फाईल उघडू नका’ असं कळवलं. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटर साफ करून दिला. त्याच्या मते व्हायरसनं फक्त पत्ते वापरले असावेत. "पण गॅरंटी कोणच नाय देणार," तो म्हणाला. "आणि आता तरी ऑफिसवाला चांगला अँटिव्हायरस टाका काका. एवढ्या लोकांचा डेटा असा उघडा ठेवतं का कोण?"

‘उघडा’ हा शब्द काकांना लागला. आणि त्या दिवसापासून काका अँटिव्हायरस बघू लागले. ‘बघू लागले’ असंच म्हणायला हवं. दुसऱ्या कुणी दोन जाहिराती वाचून एखादा घेऊन टाकला असता. काकांनी प्रत्येकाचा बायोडेटा करायला घेतला. ते सांगत, मी लिहीत असे. कंपनी किती जुनी, कुठली, म्हणजे घराणं. कॉम्प्युटरची किती शक्ती खातो, म्हणजे खाण्यापिण्याच्या सवयी. दर वर्षी किती पैसे मागतो, म्हणजे अपेक्षा. नवे व्हायरस आले की त्यांची माहिती स्वतःहून करून घेतो की आठवण करावी लागते, म्हणजे स्वभाव. अडचण आली तर फोन कोण उचलतं, म्हणजे घरातली माणसं. मला आधी हसू आलं होतं. पण रात्रभर कंपन्यांच्या वेबसाईट आणि चार परीक्षणं वाचून मी जे प्रश्न काढले असते ते हेच असते, फक्त इतके नीट नसते.

एक फुकटचा होता. तो काकूंनीच बाद केला. "फुकट आलेला जावई घरजावई होतो," त्या म्हणाल्या, आणि खरंच तो दर थोड्या वेळानं खिडकी उघडून काहीतरी विकत घ्या म्हणत होता. शिवाय तो घरगुती वापरासाठी होता, केंद्रासाठी चाललाच नसता. दुसरा महिनाभर वापरून बघता येणार होता. हे ऐकून काका बराच वेळ अस्वस्थ होते. "लग्नाआधी महिनाभर राहायला येणार?"

"येऊ दे," काकू आतून म्हणाल्या. "आमच्या वेळी ही सोय असती तर मी तरी विचार केला असता."

"केला असतास आणि थांबली असतीस," काका म्हणाले. आतून भांड्यांचा आवाज आला.

तिसऱ्या कंपनीचा ठाण्यातला विक्रेता स्वतः येतो म्हणाला. काकांनी शनिवारी संध्याकाळी बोलावलं आणि काकूंनी खरोखर पोहे केले, वर ओलं खोबरं घालून. विक्रेता माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पोहे बघून तो चपापला. काकांनी त्याला आधी खाऊ दिलं. त्याचं गाव विचारलं. मग टेबलावर हात ठेवून त्यांचा खरा प्रश्न विचारला, "दाराशी अनोळखी कुणी आलं, तर तुमचा हा काय करतो?"

विक्रेत्याचा चेहरा उजळला. "डायरेक्ट उडवतो सर! विचारतपण नाय. तुम्हाला कळणारपण नाय कोण आलेलं."

"न बघताच?"

"सर, व्हायरसला काय चहा विचारायचा का?"

काकू हसल्या, मीही हसले. काका खिडकीबाहेर बघू लागले. झाडावरून एक-एक पांढरं फूल गरगरत खाली येत होतं. विक्रेत्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याला खुणेनं थांबायला सांगितलं. खूप वेळानं काका म्हणाले, "बाळा, तुझा प्रोग्रॅम चांगला आहे. मेहनती आहे. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण अनोळखीच असतो रे." आणि त्याला वाटेसाठी दोन लाडू बांधून दिले. जाताना त्यानं केंद्राचा फॉर्म मागून घेतला. मोठ्या भावासाठी म्हणाला.

तो गेल्यावर मला जे अनेक दिवस बोलायचं होतं ते मी बोलले. मोठ्या माणसाला असं सांगायची मला सवय नाही. घरून येताना वाक्य पाठ करून आले होते, ते ऐन वेळी विसरले. "काका," मी म्हटलं, "कुठलाही अँटिव्हायरस आणला तरी... म्हणजे, तो एकटा पुरणार नाही. तुम्ही आलेलं सगळंच उघडता. दुकान असो, दवाखाना असो, ओळख पटल्याशिवाय आलेली फाईल कुणी उघडत नाही."

काका रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझ्या ताईचा बायोडेटा माझ्याकडे कसा आला होता, आठवतं?"

मला एवढंच आठवत होतं, की तो बाबांनी दिव्यातल्या एका सायबर कॅफेतून पाठवला होता.

"फाईलचं नाव होतं ‘लाईट बिल’," काका म्हणाले. "त्या कॅफेवाल्यानं कुठल्या तरी जुन्याच फाईलवर लिहून दिलं असणार. मेलमध्ये ना नाव, ना गाव, ना नमस्कार. तुझ्या बाबांनी ती आणखी दोन केंद्रांना पाठवली होती. त्यांनी उघडली नाही. कशाला उघडतील? लाईट बिल कोण उघडतं? मी उघडलं, तुम्हाला बोलावलं. आत भांडी घासणारी मुलगी होती."

बाबा तेव्हा रोज कामावरून आल्यावर विचारायचे, ‘काय उत्तर आलं का गं?’ आणि ते फाईलचं नाव मी, कॉलेजात जाणारी, एकदाही बघितलं नव्हतं. त्या खोलीत तेव्हा मला कळलं, की काकांचं म्हणणंही खरं आहे आणि दुरुस्तीवाल्याचंही. दार उघडं ठेवलं तर आतली माणसं उघडी पडतात. बंद ठेवलं तर बाबांसारखा माणूस बाहेरच राहतो. याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मग मी आमच्या यादीतल्या चौथ्या, शेवटच्या प्रोग्रॅमची माहिती पुन्हा वाचली. संशयित फाईल तो लगेच पुसून टाकत नव्हता. एका वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवत होता, तिथून ती कशालाच हात लावू शकत नव्हती. आणि मग मालकाला विचारत होता, हिचं काय करू? तसे बरेच प्रोग्रॅम हे करतात, विक्रेत्याचाही कदाचित करत असेल. पण हा ते नीट मराठीत समजावून विचारत होता. मी काकांना म्हटलं, "हा हाकलत नाही. ओट्यावर बसवतो. आत येऊ देत नाही, पाणी विचारतो, आणि तुम्हाला हाक मारतो."

काका ताठ बसले. "आणि मग?"

"मग तुम्ही पाठवणाऱ्याला आधी फोन करायचा. बोलायचं. खरा निघाला तर त्याच्याकडून माहिती फोनवर लिहून घ्यायची, किंवा पुन्हा पाठवायला सांगायची. फोन लागलाच नाही, तर मात्र जाऊ द्यायचं."

"चौकशी करून मग घरात घ्यायचं," काका पुटपुटले. "म्हणजे रीतसर." त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, त्यांनी काकांचे सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले. शेवटी काकांनी त्यांना विचारलं, त्यांचं लग्न झालं आहे का. त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. काका जरासे हिरमुसले, पण प्रोग्रॅम पसंत पडला. केंद्राचा कॉम्प्युटर, काकूंचा लॅपटॉप आणि काकांचा फोन, तिन्हींवर मी तो बसवला. ‘नाजूक’ला वेगळा पासवर्ड लावला, आणि त्याची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घेऊन ती काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. काकूंनी प्रोग्रॅमच्या चिन्हाला हळदकुंकू लावू का विचारलं. मी स्क्रीन खराब होईल म्हटल्यावर त्यांनी मॉनिटरच्या मागे लावलं.

माझ्या मते काम संपलं होतं. काकांच्या मते नव्हतं. ‘नाजूक’मधल्या प्रत्येकाला ते सांगू लागले, की तुमची माहिती कदाचित बाहेर गेली असेल, मला नक्की माहीत नाही, माझी चूक आहे. बहुतेकांना फोन केला. कुणी रागावलं, कुणी म्हणालं, काका, तुम्ही सांगितलंत हेच खूप. डोंबिवलीच्या एका शिक्षिकेला मात्र फोनवर सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सगळ्यात जास्त तिनं सांगितलं होतं, आणि सगळ्यात आधी. मला सोबत चल म्हणाले. वाटेभर ते एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं स्वतःशी म्हणून बघत होते, मी माझं पाठ करते तसंच.

शिक्षिका पन्नाशीच्या आसपास असाव्यात. गॅलरीत झाडांच्या कुंड्या, टेबलावर तपासायचे पेपर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकांचा आवाज शेवटी फार बारीक झाला होता. बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "काका, अहो एवढं काय मनाला लावून घेता? कितीतरी वर्षं झाली मी ते लिहून देऊन. आलेल्या एकाही स्थळाची मजल तिथपर्यंत गेली नाही. पहिल्या पानावरच परत जायचे सगळे." मग त्या हसल्या. "चोरानं वाचलं असेल, तर निदान कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं म्हणायचं."

बाईंनी आम्हाला कोकम सरबत दिलं, माझ्या कॉलेजची चौकशी केली, पुढे शिकणार ना म्हणून दोनदा विचारलं. निघताना काकांनी विचारलं, "नाव काढून टाकू का?" बाईंनी कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं. "असू दे," म्हणाल्या. "कुठे जागा अडवतंय?"

परवा मी कोपरीत गेले होते. दुपारची वेळ, काकू आत आडव्या झाल्या होत्या. अँटिव्हायरसची रोजची तपासणी चालू होती. खरं तर मी ती काका जेवायला जातात त्या वेळेवर लावून दिली होती, कारण तेवढा वेळ कॉम्प्युटर सावकाश चालतो. काकांनी ती वेळ पुढे ढकलून घेतली आहे. कशी, ते मला ठाऊक नाही, मी त्यांना शिकवलेलं नाही. ते खुर्ची जवळ ओढून स्क्रीनसमोर बसले होते. तपासल्या जाणाऱ्या फाईलींची नावं एकामागून एक सरकत होती, माणसांची नावं, इतक्या वेगानं की नीट वाचताही येत नव्हती. काकांनी मला हातानंच बसायला सांगितलं.

"बघ," ते हळूच म्हणाले. "रोज सगळ्यांना उघडून बघतो हा. एकालाही सोडत नाही. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत."

तो माणसं बघत नाही, फक्त खोट शोधतो, हे मी सांगू शकले असते. तेवढं मला येतं. पण सरकत्या नावांत ‘नाजूक’ सुरू झाला होता, आणि काका अंगठ्यानं चष्मा वर करून पुढे वाकले होते. एक नाव येऊन गेलं. काकांनी ते मनातल्या मनात उच्चारलं असावं, कारण त्यांचे ओठ हलले. मी त्यांच्याबरोबर बघत बसले.